पडद्याखालचे पांढरे बूट

नवतपा लागला की भिलाईत लोक एकमेकांना 'कसं काय' विचारणं बंद करतात. 'पाणी पिलं का?' एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सावलीकडे सरकतात. मे संपत आला की नऊ दिवस सूर्य नुसता आग ओकतो. पंचांगवाले त्याचा संबंध रोहिणी नक्षत्राशी लावतात. आमच्या घरात पंचांग नाही, बुद्धाची मूर्ती आहे. तरी नवतपा आमच्या अंगणात तेवढाच पडतो. ऊन जात विचारत नाही, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. मग ते वाक्य स्वतःच खोडलं. कूलर असलेल्याला ऊन कमी मिळतं, नसलेल्याला जास्त. विचारल्याशिवाय कसं कळतं त्याला?

यंदाही तो आला. नेहरू नगरच्या मागच्या गल्लीत गुलमोहर पेटले आहेत, हायवेचं डांबर मऊ झालं आहे आणि भरदुपारी रस्ता ओलांडला की चप्पल क्षणभर जमिनीलाच आपलं मानते. शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून आई जे शिकली ते आता आमच्याही घरचं झालं आहे: रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा आणि मिठाबरोबर खायचा. बासी. नागपूरकडचे पाहुणे नाक मुरडतात आणि दुसऱ्या दिवशी वाटी पुढे करतात.

परवा मी कूलरमध्ये वाळ्याची नवी खस भरली. पहिलं पाणी तिच्यावर पडलं की जो वास सुटतो, ओल्या गवताचा, थोडा मातीचा, त्याच्यामागून बाबा येतात. मी आठवणींवर लिहिणारी नाही. मी पत्रकं लिहिते. पत्रकात एक मागणी असते, चार कारणं असतात आणि खाली 'नागरिकहो, जागे व्हा' असतं. आठवणीला मागणी नसते, म्हणून मला ती परवडत नाही. पण खस काही कुणाचं ऐकत नाही.

"सुजू, त्या कूलरपाशी कायले उभी राहून राहिली?" आई आतून ओरडली. "थंडी हवा तुह्या एकटीसाठी आहे का वो?"

बाबांनी सगळं आयुष्य स्टील प्लांटमध्ये काढलं, भट्टीपुढे. नवतप्यात बाकीची दुनिया ओला गमछा डोक्यावर घेऊन फिरायची, तेव्हा बाबा उघड्या डोक्यानं सायकल काढायचे. आई ओरडायची. ते म्हणायचे, "अवं, फर्नेससमोर उभा राहिलेला माणूस मी. हा सूर्य माह्यापुढं ट्रेनी आहे, ट्रेनी!" रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून हथखोजच्या एका छोट्या कारखान्यात पोरांना फिटिंग शिकवायला जायचे. दुपारी परत यायचे, शर्टावर ग्रीसचा डाग, खिशात कांदा. कांदा आईनं ठेवलेला असायचा, लू लागू नये म्हणून. ट्रेनी सूर्य वगैरे ठीक, पण कांदा ते काढून फेकत नसत.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मला वासांतूनच आठवतो. कैरी उकडल्याचा वास. बादलीतून कूलरमध्ये ओतलेल्या पाण्याचा वास. आणि मग, बाबा बादली खाली ठेवून ओट्यावर बसले तेव्हा त्यांच्या तळपायाला आईनं चोळलेल्या कांद्याचा वास. छाती जड वाटते म्हणाले. घाम फुटला होता. गल्लीतले सगळे जमले आणि सगळ्यांनी एकच निदान केलं: ऊन लागलं. नवतप्यात भिलाईत दुसरा आजारच नसतो. डोकं दुखलं, ऊन. पोट दुखलं, ऊन. हृदय बंद पडत असलं, तरी ऊन. पन्हं पाजलं, कांदा चोळला. बाबांचे ओठ निळसर दिसले तेव्हा मी सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला.

गाडीत जो टेक्निशियन होता त्याचं नाव तोरण. माझ्याच वयाचा, लांबसडक, गाडीत सतत मान वाकवून वावरणारा. त्यानं आईला स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "अम्मा, हाथ पकड़े रहो. नाम लेके बुलाते रहो."

आईनं उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. ती हाक मारत राहिली, "अवो सुजूचे बाबा, इकडं पाहा. सुजूचे बाबा!" बाबा पाहत होते. दवाखान्याच्या दारापर्यंत ते तिच्याकडे पाहत होते.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. कुणाला घाबरून नाही. हिरवा पडदा सगळ्या दवाखान्यांत सारखाच असतो म्हणून. कॅज्युअल्टीत शिरताना बाबांचे डोळे फिरले. कुणीतरी ओरडलं, स्ट्रेचर धावलं, आणि दारातल्या गार्डनं आईच्या खांद्याला हात लावून तिला मागे केलं. "फैमिली बाहर! फैमिली बाहर!" आईच्या हातातून बाबांचा हात सुटला. सोडला नाही, सुटला. पडदा सर्रकन ओढला गेला.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. त्या फटीतून आईला दिसलं ते एवढं: एक लोखंडी स्टूल आलं. दोन छोटे पांढरे बूट आले. बूट स्टुलावर चढले आणि दिसेनासे झाले. मग स्टूल करकरू लागलं. एका तालात, करकर, करकर. आतून पुरुषाचा आवाज आला, "ज़ोर से! और ज़ोर से!" मग काहीतरी तुटल्यासारखा बारीक आवाज. "चालू रखो, चालू रखो." थोड्या वेळानं स्टूल थांबलं. बूट खाली उतरले. एक डॉक्टर बाहेर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी, बचा नहीं पाए," आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

आईकडे त्यानं पाहिलं नाही. ती बाकावर बसली होती आणि तिचा उजवा हात अजून कुणाचा तरी हात धरल्यासारखा अर्धवट मिटलेला होता.

घरी आंघोळ घालताना त्यांच्या छातीवर, मधोमध, डाग दिसला. जांभळा, तळहाताएवढा. गळ्यात निळ्या दोऱ्यातलं धम्मचक्र होतं, त्याच्या बरोबर खाली. आईनं त्या डागावर बोटं ठेवली. बायका त्रिसरण म्हणायला लागल्या होत्या, मधेच थांबल्या.

"याईनं मारलं त्याईले," आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी ऐकलं. जोरानं मार म्हणे. गळ्यातलं पाहिलं न् मारलं."

खोलीत एकही माणूस म्हणाला नाही की असं कसं होईल. मी त्यावर खूप विचार केला आहे. बाहेरचे लोक म्हणतील, अडाणी बाई, दुःखात बरळली. अजिबात नाही. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभव घेतला आहे की आपल्याला बाहेर उभं करून आत जे केलं जातं, ते आपल्या भल्याचं नसतं. विहिरीपासून ऑफिसपर्यंत. मग एक दार बंद झालं, आतून 'ज़ोर से' ऐकू आलं आणि माणूस डाग घेऊन बाहेर आला, तर आईनं कोणता हिशेब मांडायला हवा होता? तिच्या हाती जे होतं त्यातून तिनं सरळ हिशेब मांडला. चूक तिच्या डोक्यात नव्हती, पडद्यात होती.

पुढच्या नवतप्यापर्यंत ती त्या डागाबरोबर जगली. रोज नाही बोलायची. पण भाकरी थापताना हात थांबायचा. "सुजू, त्याईनं मले हाक मारली असंल का? मारताना?" मीही पडद्याच्या याच बाजूला होते.

म्हणून मी मला येत होतं ते केलं. पत्रक काढलं. मथळा: 'पडदा उघडा!' मागणी एक: शेवटचे प्रयत्न चालू असताना घरच्या एका माणसाला आत उभं राहू द्या. विहाराच्या दारात वाटलं, भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरांत वाटलं, आणि दवाखान्याच्या फाटकावर तर गार्डच्याच हातात दिलं. त्यानं ते वाचलं आणि त्याच कागदानं वारा घ्यायला लागला. नवतपा होता, मी रागावले नाही.

तिसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीच्या मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. गोरेपान, थकलेले, टेबलावर उघडा टिफिन आणि भात वाळलेला. माझं पत्रक पाण्याच्या ग्लासाखाली.

"आपने कभी देखा है?" त्यांनी विचारलं. "छाती दबाना?"

"देखने कहाँ दिया आपने," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पण ते खोटंही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. म्हणाले, नातेवाईक बेशुद्ध पडला की माझे पेशंट दोन होतात. म्हणाले, एकानं माझ्यावर ऑक्सिजनचं सिलेंडर उचललं होतं. म्हणाले, नवी पोरं शिकत असतात, त्यांचे हात आधीच कापतात, त्यांना पेशंटची बायको बघते आहे म्हटलं तर सुई जाणार कुठे? आणि मग, "हम लोग अंदर कभी-कभी मज़ाक भी करते हैं. नहीं करेंगे तो पागल हो जाएँगे. वो घरवाली सुनेगी?"

"सर, अभी वो परदे के बाहर से सुनती है," मी म्हटलं. "आधा सुनती है. बाकी आधा खुद जोड़ लेती है. मेरी माँ ने जोड़ लिया कि आपने मेरे बाप को मारा."

त्यांनी टिफिनचं झाकण लावलं. मग म्हणाले, "सोचता हूँ." सरकारी 'सोचता हूँ' मला पाठ आहे. हे तसं वाटलं नाही.

तोरणला मी गाडीपाशी गाठलं. मला खात्री होती, हा आमच्या बाजूचा. गाडीत पडदा कुठे असतो? घरचा माणूस बाकावरच बसलेला असतो, गुडघ्याला गुडघा लावून. त्याला हायवेवर उतरवून तर देता येत नाही. मी पत्रक पुढे केलं. त्यानं वाचलं आणि परत दिलं.

"दीदी, मैं तो खिलाफ हूँ."

मी चक्रावले. त्यानं सांगितलं. एक पोरगी होती, बापाबरोबर. तोरण बापाची छाती दाबत होता आणि तिनं त्याचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी. 'मत करो, टूट रहा है, पापा को दर्द हो रहा है.' तो एका हातानं तिला ढकलतोय, दुसऱ्या हातानं दाबतोय, गाडी सिग्नलवर. "वो चेहरा मेरे साथ सोता है," तोरण म्हणाला. "आपको चाहिए ऐसा?"

"तिले आधी सांगितलं होतं का," मी रागात मराठीत सुटले, मग हिंदीवर आले, "कि टूटेगा?"

तो बूट जमिनीवर घासत राहिला. "नहीं," म्हणाला. "टाइम कहाँ था. लेकिन हाँ, जिसको पहले दो लाइन बता दो, वो बैठा रहता है. जिसको भगाओ, वही चिल्लाता है." मग एकदम चिडून, "पर बताएगा कौन? मेरे दो ही हाथ हैं!"

मी ते मान्य केलं. प्रचाराला निघालेल्या माणसानं एवढं शिकावं: समोरच्याचा 'नाही' नीट ऐकला, तर त्यातच आपली पुढची मागणी सापडते. आत कुणीतरी एक माणूस नुसता सांगायला हवा. दाबणारा वेगळा, सांगणारा वेगळा.

मी विहारात शिबिर ठेवलं. बंद पडलेलं हृदय कसं दाबायचं, सगळ्यांसाठी, फुकट, पन्हं मिळेल. लोक पन्ह्यासाठी आले, मला फरक पडत नाही. शिकवायला दवाखान्यातून अन्नम्मा सिस्टर आल्या, रबरी धड बगलेत घेऊन, रिक्षातून. केरळच्या, पण पूर्ण नोकरी भिलाईत झालेली. उंची अशी की रबरी धड त्यांना घेऊन आलं असं वाटावं.

त्यांनी सतरंजीवर धड ठेवलं आणि गुडघ्यांवर बसल्या. "ऐसे नहीं," एका काकांना म्हणाल्या, "ये आटा नहीं है. ज़ोर से! और ज़ोर से! कोहनी सीधी."

आई पाण्याचा जग घेऊन उभी होती. ती थिजली.

"हड्डी टूट सकती है," सिस्टर सांगत होत्या, "आवाज़ आएगी. टूटने दो, रुकना नहीं. छाती पे निशान पड़ेगा. काला-नीला. पड़ने दो. हड्डी जुड़ जाएगी, दिल बंद रह गया तो नहीं जुड़ेगा."

आईनं जग खाली ठेवला. पुढे आली. सगळे बघत असताना गुडघ्यांवर बसली, पदर खोचला आणि रबरी छातीवर दोन्ही तळहात ठेवले. दाबलं. सिस्टर म्हणाल्या, और. तिनं और दाबलं. कपाळावरचा घाम त्या रबरावर टपटप पडत होता. मग ती थांबली, तिथेच हात ठेवून.

"सिस्टर, तुम स्टूल पे चढ़ते क्या?" तिच्या हिंदीत नेहमी नागपूर मिसळलेलं असतं. "सफेद बूट में?"

"अम्मा, रोज़ चढ़ती हूँ," सिस्टर हसल्या. "मेरी हाइट देखो ना. बिना स्टूल के मेरा वज़न ही नहीं पड़ता."

"मागच्या नवतपे में... एक आदमी था. गले में नीला धागा."

सिस्टरनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग मान हलवली. "याद नहीं अम्मा. गर्मी में बहुत आते हैं. झूठ नहीं बोलूँगी."

मला वाटलं, आता आई कोसळेल. ती कोसळली नाही. तिनं सिस्टरचं मनगट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, जसं बाजारात लाटणं पाहावं. बारीक मनगट. "एवढ्याशा हातानं," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, स्वतःशीच. "एवढ्याशा हातानं एवढं केलं वो बाई तुनं." आणि मग पन्ह्याचा पहिला ग्लास, काकांच्या आधी, सिस्टरना दिला.

त्या दिवसापासून तिनं डागाबद्दल विचारणं बंद केलं. वर्षभराचं एक ओझं. दोन वाक्यं आणि एक रबरी धड लागलं उतरवायला. हेच त्या दुपारी, त्या पडद्यापाशी, कुणीतरी सांगू शकलं असतं. कुणाच्याही खिशातून काही गेलं नसतं. मला संताप येतो तो याचा. कुणी दुष्ट नव्हतं याचा. दुष्ट माणूस असता तर त्याचं नाव तरी पत्रकात छापता आलं असतं.

संध्याकाळी अंगणात पाणी मारलं. तापलेल्या फरशीतून वाफ निघाली. आई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. मी नवं पत्रक लिहीत होते, विजयाच्या जोरात. मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला होता, एक माणूस आत, बाजूला समजावणारा एक कर्मचारी, करून पाहू. मी मथळा मोठ्यानं वाचला: 'आम्हाला आत घ्या!' आणि सहज विचारलं, "आई, तुला तेव्हा आत येऊ दिलं असतं तर तू स्टुलाशेजारी उभी राहिली असती नं?"

"नाही," आई म्हणाली.

माझं पेन थांबलं.

"मी बाहेरच थांबली असती. त्याईले तसं पाहायची ताकद नव्हती माह्यात. आजही नाही."

"मग कावून एवढं... मग वर्षभर..."

"मले कोणं इचारलं?" ती म्हणाली. "त्याईची बायको होती मी. त्या गार्डनं खांद्याले धरून बाजूले केलं, जसं दारातलं बकरू. इचारलं असतं, बाई थांबता का आत? तर मी म्हटलं असतं, नाही बाप्पा, मी इथंच आहे, माह्या सुजूले जाऊ द्या. मग बाहेर उभं राहणं माहं राहिलं असतं. आता ते त्या गार्डचं आहे."

मी कागद फाडला. तिच्यासमोरच. इतकी वर्षं पत्रकं लिहून मला जे सुचलं नाही ते तिनं पाय चोळता चोळता सांगितलं. मी एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती मागत होते. नव्या पत्रकावर मथळ्यात एकच शब्द ठेवला: 'विचारा.' उद्गारचिन्हसुद्धा दिलं नाही.

यंदाच्या नवतप्यात आमच्या मंडळींनी दवाखान्याच्या फाटकाशी रांजण मांडले आहेत. काल दुपारी मी कॅज्युअल्टीच्या दारात पाणी द्यायला गेले होते. तोरणची गाडी आली. स्ट्रेचरवर एक म्हातारा, मागून पळत येणारी त्याची बायको, छत्तीसगढी, पदर सुटलेला, पायात रबरी चपला. गार्डचा हात सवयीनं उठला आणि हवेतच राहिला. आतून एक नवी, कोवळी सिस्टर बाहेर आली, तिच्यासमोर थांबली.

"अम्मा, हम इनकी छाती दबाएँगे. ज़ोर से. आप अंदर रहोगी कि बाहर? जैसा आपका मन."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या घाईत, एवढ्या उन्हात, पूर्ण पाहिलं. ती काय म्हणते यानं मला खरंच फरक पडत नव्हता.

"रइहौं," म्हातारी म्हणाली, राहते मी. आणि पदर सावरत विचारलं, "चप्पल कहाँ उतारौं, बेटी?"

"पहने रहो," सिस्टरनं तिचा हात धरला. "आओ."